बद्दीला येते, असं म्हणायला शिकवणाऱ्या वहिनींना

वहिनी,

स. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत. नाव मुद्दाम घातलेलं नाही, आपल्या गल्लीत ते तसंही सगळ्यांना कळेल.

बद्दीत आता माझं बस्तान बसलंय. प्लांटच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये डिझोल्यूशन (गोळी किती वेगानं विरघळते ते तपासणं) आणि एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) यांचं काम माझ्याकडे आहे. बॅचमधल्या मुली विचारतात, हिमाचलच्या कंपनीनं नांदेडच्या मुलीला घेतलं कसं, कुणी ओळखीचं होतं का? ओळखीचं कुणी नव्हतं. तुम्ही माझ्या बायोडेटातलं एक वाक्य पेन्सिलनं खोडलं होतं, एवढंच.

ते वाक्य आमच्या कॉलेजात सगळ्यांच्याच बायोडेटात शेवटी असतं: 'भारतात कुठेही काम करण्यास तयार.' तुम्ही म्हणालात, "कुठेही म्हणणाऱ्याला आम्ही कुठेच धरत नाही." मला ते जरा टोचलंच. मग तुम्ही चहा गाळता गाळता तुमच्या एचआरच्या खुर्चीतून काय दिसतं ते सांगितलंत. बाहेरगावचा पत्ता दिसला की आधी शंका येते. ऑफर लेटर घेऊन ऐनवेळी न येणारे कमी नसतात. आलेल्यांतलेही काही पहिल्या दिवाळीला घरी जातात आणि मग फोन उचलत नाहीत. त्या जागेसाठी पुन्हा पहिल्यापासून माणूस शोधायचा, तोवर लॅबमधली कामं तुंबलेली. 'कुठेही तयार' या शब्दांत या शंकेचं उत्तर नसतं. त्यातून एवढंच कळतं की या मुलीनं कुठल्याच गावाचा विचार केलेला नाही.

त्या दुपारी तुम्ही मला औषध कंपन्यांचा भूगोल शिकवलात, तो चार वर्षांच्या बी. फार्ममध्ये कुणी शिकवला नव्हता. अंकलेश्वर-वापीकडे बल्क ड्रगचं, म्हणजे औषधाच्या मूळ द्रव्याचं काम मोठं, हैदराबादला बल्क आणि फॉर्म्युलेशन (त्या द्रव्यापासून तयार गोळ्या-औषधं) दोन्ही, गोव्यात वेर्णा, पार तिकडे सिक्कीममध्येही प्लांट. आणि सोलन जिल्ह्यातला बद्दी, बरोटीवाला, नालागढ हा पट्टा. २००३ साली केंद्रानं हिमाचल आणि तेव्हाच्या उत्तरांचलला उत्पादन शुल्कात माफी आणि प्राप्तिकरात सवलत दिली, तेव्हा कंपन्या तिकडे धावल्या. सवलतींची मुदत सरली तरी प्लांट तिथेच आहेत, आणि त्यात गोळ्या-कॅप्सूलचं काम भरपूर. माझा वर्षभराचा अनुभव टॅब्लेट टेस्टिंगचा. तुम्ही म्हणालात, "मग हैदराबादच्या आधी बद्दीला विचार. तुझ्या हाताला जिथे काम आहे तिथलं नाव घे."

मग पत्त्याच्या बरोब्बर खाली हे लिहवून घेतलंत: 'सध्या नांदेड येथे वास्तव्य. बद्दी-नालागढ परिसरात राहून काम करण्याची तयारी आहे. ऑफर मिळाल्यापासून १५ दिवसांत रुजू होऊ शकते.' शंका पत्ता वाचून येते, तर उत्तरही पत्त्यालाच चिकटून हवं, हे तुमचं म्हणणं. नोकरीच्या पोर्टलवर पसंतीच्या ठिकाणात बद्दी आणि चंदीगड भरायला लावलंत, कारण माणसं शोधणारे तिथूनच गाळून घेतात. राहायच्या सोयीचं एक वाक्य मी हौसेनं जोडलं होतं, ते तुम्ही काढलंत. "हे ऑफर आल्यावर. आत्ताच मागण्या कशाला?" आणि एका मैत्रिणीनं सुचवलेला चंदीगडचा खोटा पत्ता मी नुसता बोलून दाखवला, तर तुम्ही म्हणालात, "उद्या सकाळी दहाला ये म्हणाले तर उडत जाशील?"

'घरच्यांची संमती आहे' हे मात्र तुम्ही लिहूच दिलं नाहीत. "आहे का? नाही ना? मग आधी मिळव."

माझे पप्पा एसटीत कंडक्टर, त्यांना तिकिटाच्या भाषेत सांगितलं की पटतं, हे तुम्ही कसं ओळखलंत कोण जाणे. तुम्ही पगार, करिअर वगैरे काढलंच नाही. मोबाईलवर नकाशा उघडून त्यांच्यासमोर ठेवलात. सचखंड एक्सप्रेस नांदेडहूनच सुटते, अंबाल्यापर्यंत गाडी बदलायची नाही, पुढे चंदीगड आणि तिथून बद्दीची बस. पप्पांनी बोटानं सगळा रस्ता चाचपला आणि विचारलं, "अंबाल्याला दिवसा उतरते का रात्री?" दुसऱ्या दिवशी दुपारनंतर, उजेडात. मग म्हणाले, "आपल्या गुरुद्वाऱ्याला तिकडूनच तर माणसं येतात." आई मात्र आतून भांडी जरा जास्तच आपटत होती. ती दोन दिवस बोलली नाही, तेव्हा रोज संध्याकाळी तुम्हीच तिच्याकडे येऊन बसलात. माझ्या नोकरीतला अवघड भाग तुम्ही तिथे केलात, बायोडेटा त्यामानानं सोपा होता.

आणि तो खोटा इंटरव्ह्यू! शेजारच्या खोलीतून फोन लावून तुम्ही हिंदीत दरडावत होतात. बद्दी कहाँ है, मालूम है? ठंड में रह लोगी? मी "जी, मॅनेज कर लूँगी" म्हटलं की फोन बंद. पुन्हा लावायचा. "मॅनेज म्हणजे काय? काय करशील ते सांग." शेवटी मी सांगायला शिकले: कामाची पाळी कळली की प्लांटजवळ पीजी बघीन, घरी बोलणं झालंय, वर्षातून दोनदा गावी जाईन, त्याच्या तारखा आधी कळवीन.

खऱ्या फोनवर कंपनीच्या बाईंनी जवळपास हेच विचारलं. नवा प्रश्न एकच होता, "गुजरातच्या प्लांटला पाठवलं तर?" मी म्हटलं, आत्ता बद्दीची तयारी करून बोलते आहे, गुजरातचं विचारलंत तर घरी बोलून दोन दिवसांत सांगते. त्या हसल्या. लगेच 'हो' म्हणाले असते तर बद्दीच्या 'हो'लाही किंमत उरली नसती, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते सांगा.

ऑफर आल्यावर, होकार कळवण्याआधी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे ईमेलवर विचारलं: प्रवासखर्च मिळतो का, सुरुवातीला राहायचं काय. थर्ड एसीचं भाडं तिकीट दाखवून मिळालं आणि १५ दिवस गेस्ट हाउस. न विचारता कुणी आपणहून सांगितलं नसतं. येताना गाडीत वाटेतल्या स्टेशनांवर लंगर मिळाला, आईनं बांधलेल्या दशम्या चंदीगडपर्यंत पुरल्या.

इथे सगळं गोड आहे असं नाही. ट्रकांची धूळ फार, रविवारी करमत नाही, आणि ज्वारीचं पीठ मिळत नाही म्हणून मी ते घरून कुरिअरनं मागवते. पण लॅबमध्ये काम शिकायला मिळतंय. आमच्या सेक्शनला परभणीचा एक मुलगा आहे, त्याच्याशी मराठीत बोलता येतं.

हिंगोलीच्या एका मुलीनं परवा मला तिचा बायोडेटा पाठवलाय. शेवटी तेच, 'कुठेही तयार.' तुमचा नंबर तिला देऊ का? तिच्या घरच्यांना समजवायचं काम माझ्याकडून निभणार नाही.

आणि दिवाळीला तुम्ही नांदेडला असणार का, ते लवकर कळवा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं आणि सचखंड लगेच भरते. तुम्ही असणार असाल तर मी त्याच हिशोबानं तिकीट काढते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची