सुहास, आपल्या तळ्याची वाट बंद झाली

प्रिय सुहास,

आपल्या तळ्याची वाट बंद झाली. फोनवर सांगणार होतो, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि ही बातमी अर्धी ऐकलीस तर भलतंच काहीतरी मनात घेऊन बसशील. म्हणून पत्र.

इकडे सगळे बरे आहेत. आईचं बीपी औषधाने आटोक्यात आहे, माझा खांदा भरून आला.

तर झालं असं, की जुलैचं ठरवायला बसलो होतो. आधी अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसचा मोटर व्हेइकल यूज मॅप उघडला, जंगलात गाडीला कुठल्या वाटा खुल्या ते सांगणारा. तोच काळा-पांढरा, ना चढ दाखवणारा ना झाडी, मंदार ज्याला विजेचं बिल म्हणतो तो. खिंडीखालचा आपला फाटा शोधतोय, तर फाटाच नाही. मुख्य रस्ता आहे, ओढ्याची रेघ आहे, आपल्या वाटेचा नंबर गायब. जुना नकाशा शेजारी लावून पाहिला. त्यात आहे, यात नाही. आणि या नकाशाचं तुला माहीतच आहे. २००५ च्या नियमापासून जे छापलंय तेवढंच गाडीला खुलं. जागेवर फाटक नसो, पाटी नसो, चाकोऱ्या ढळढळीत दिसोत, नकाशात नाही म्हणजे बंद. तिथे सापडलो तर ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणून सुटका नाही.

रेंजर ऑफिसात फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं सांगितलं, आणि खरं सांगतो, वाद घालायला काही उरलंच नाही. ते वळण आठवतं ना, जिथे जून संपला तरी बर्फाचा ढीग पडून असतो? लोक त्याच्या कडेने गवतावरून गाड्या काढत राहिले. एका वाटेच्या तीन वाटा झाल्या. बर्फाचं पाणी त्या चाकोऱ्यांतून उतरायला लागलं आणि सगळी माती खाली ओढ्यात. त्या उंचीवर उन्हाळा असतोच किती! जमिनीला चिकटून वाढणारं ते गुलाबी फुलांचं मॉस कॅम्पियन, त्याला पहिलं फूल यायला दहा वर्षं लागू शकतात. त्यावरून एकदा चाक गेलं की आपल्या हयातीत भरून येत नाही. याच वळणावर तू सगळ्यांना गाड्या मागे वळवायला लावल्या होत्यास आणि मंदारने रात्रभर तोंड फिरवून ठेवलं होतं. आज त्याला हे कळवलं. ‘सुहास तेव्हाच बोलला होता’ एवढाच मेसेज आला. जपून ठेव, मंदारकडून याहून जास्त निघायचं नाही.

पण माझी खरी अडचण वेगळी आहे. वाट बंद आहे ती गाडीला. चालत कोणीही जाऊ शकतं. मी जाईन, मंदार धापा टाकत जाईल, पोरं तर पळत जातील. तुझ्या पायाने ती चढण होणार नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. एटीव्ही, ती जाड चाकांची डोंगरगाडी, आपल्याला मजा होती, तुला तीच एक वाट होती. त्या तळ्याच्या काठावर त्या रात्री तू जे बोललास ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तिथे तुझ्याशिवाय तंबू ठोकायची कल्पनाच मला करवत नाही.

म्हणून नियम मुळातून वाचला. व्हीलचेअरला सूट आहे. जिथे माणूस चालत जाऊ शकतो तिथे व्हीलचेअर जाऊ शकते, अगदी १९६४ च्या कायद्याने राखलेल्या विल्डरनेसमध्येसुद्धा, जिथे इंजिनाला पूर्ण बंदी आहे. बॅटरीवरची असली तरी चालते. अट एवढीच, की ती केवळ चालता न येणाऱ्या माणसासाठी बनवलेली आणि घरातही वापरता येण्यासारखी हवी. एटीव्ही त्यात बसत नाही. मी तीन रात्री त्या वाक्याशी झटापट केली, पण बसत नाही, आणि बसू नये हेही मला पटतं. उद्या तुझ्या नावाखाली शंभर धडधाकट लोक चाकं घेऊन वर येतील. तरी मला हे लागलंय. जमीन वाचायला हवी हे खरं, आणि तू तिथे पुन्हा पोचणार नाहीस हेही खरं. दोन्ही मनात धरून बसलोय. पुढच्या वेळी हे नकाशे लोकांच्या सूचनांसाठी खुले होतील तेव्हा लिहिणार आहे, की वाट उघडा म्हणून नाही, पण ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी उंचावरची निदान एक तरी जागा कायम राखा. मसुदा पाठवतो. तुझी भाषा माझ्यापेक्षा धारदार आहे, हात फिरव.

तोवर दुसरी जागा शोधायला हवी, आणि तिथे मी अडकलो.

कोलोरॅडोतला अल्पाइन लूप, तो डोंगरातला कच्च्या रस्त्यांचा फेरा, पहिल्यांदा डोळ्यांसमोर आला. ६५ मैल, सिनॅमन पास १२,६४० फूट, एंजिनियर पास १२,८००, मधे अ‍ॅनिमस फोर्क्सची ती ओसाड घरं. तुझ्या गाडीला रस्ता चिंचोळा नाही. पण जुलैत तिथे जत्रा असते. एका बाजूला कडा, समोरून येणाऱ्यांची रांग, आणि चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हे अर्ध्यांना ठाऊक नसतं. शिवाय २०२१ साली त्याच वाटेवरच्या सिल्व्हर्टनच्या लोकांनी मत देऊन गावातल्या रस्त्यांवर एटीव्ही बंद केल्या. यावरून आपलं भांडण झालं होतं. मी अजूनही गावाच्या बाजूने आहे. दिवसभर दारासमोर धूळ आणि धडधड कोण सोसेल? तू पेट्रोल पंपाचं काय म्हणत होतास. असो, ते भांडण शेकोटीसाठी राखून ठेव.

शेकोटी मिळाली तर! २०१८ विसरलो नाहीये मी. ती ४१६ नावाची आग लागली आणि जूनच्या मध्यावर अख्खं सॅन वान नॅशनल फॉरेस्ट बंद केलं. ट्रेलर लादलेले, आणि आपण मोटेलात रमी खेळत बसलो. तू पत्ते लपवत होतास, हे मी मरेपर्यंत म्हणणार. यंदा बर्फ कमी पडलंय, त्यामुळे आगीचे निर्बंध येणार असं धरूनच चाललोय. पहिल्या टप्प्यात फक्त बांधीव कॅम्पग्राउंडच्या चुलीत आग चालते, दुसऱ्या टप्प्यात तीही नाही. चावीने बंद होणारी गॅसची शेगडी घेतोय, म्हणजे दोन्ही वेळा चहाची सोय झाली. सायलेन्सरमधला स्पार्क अरेस्टर, ठिणग्या अडवणारी ती जाळी, तेवढा तपासून घे. जाळी फाटलेली असली तर बदल.

मंदारने कुठूनशी एक जीपीएस फाइल पाठवली, ‘इथे गर्दी नसते’ म्हणून. नकाशावर लावून पाहिली, तर अर्धी रेघ अनकंपाग्री विल्डरनेसमध्ये. गर्दी नसणारच तिथे! कोणीतरी गेला, त्याने रेघ आखली, आणि आता पन्नास जण त्या रेघेमागून जाणार. आपल्या तळ्याचं याहून वेगळं काय झालं? मी त्याला स्पष्ट सांगितलं, आधी नकाशा, मग रेंजर ऑफिसला फोन, मग फाइल.

आता माझं मत युटाच्या पायूट ट्रेलवर येऊन थांबलंय. फिशलेक नॅशनल फॉरेस्टमधली ती मोठी वर्तुळाकार वाट, मुख्य वाटच २७५ मैलांची, आणि फाटे वेगळे. कुठूनही सुरू करा. वाट गावांतून जाते आणि तिथली गावं एटीव्हीवाल्यांना हाकलत नाहीत, उलट बोलावतात. मेरीसव्हेलमध्ये तळ टाकला तर पेट्रोल, बर्फ यांची चिंता नको. टुशार डोंगराची शिखरं १२,००० फुटांवर जातात, पांढऱ्या डोंगरबकऱ्या गाडीत बसून दुर्बिणीने दिसतात, आणि पफर लेकच्या अगदी अंगावरून रस्ता आहे. ते आपलं तळं नाही, मला कळतं. पण तिथे तू स्वतःच्या गाडीने पाण्यापर्यंत येशील आणि कोणी कोणावर उपकार करणार नाही.

फक्त तुझी ती नवी साइड-बाय-साइड, दोघांनी शेजारी बसायची रुंद गाडी! घेतलीस तेव्हाच म्हणालो होतो, पण आसनाचं तुझं कारण मला पटलं होतं. काही फाट्यांवर ५० इंचांपर्यंतच्याच गाड्या चालतात आणि तुझी नक्कीच त्याहून रुंद आहे. ते फाटे मी आधीच वगळतो. पेट्रोल स्वतः मोजून सोडणारी इंजेक्शनची गाडी आहे, त्यामुळे या वेळी निदान जेटवरून, कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या त्या भोकावरून, भांडण नाही. तुझी जुनी लाल गाडी काळा धूर ओकत अर्ध्या चढावर बसली ती जेट मोठी होती म्हणून, पेट्रोल खराब होतं म्हणून नव्हे. वर हवाच विरळ, कार्ब्युरेटर तेवढंच पेट्रोल ओतत राहणार. १२,००० फुटांवर कुठल्याही साध्या इंजिनाचा दम साधारण तिसऱ्या हिश्श्याने जातो, माणसाचाही बराच जातो. म्हणून झोपायला ९,००० फुटांच्या वर जायचं नाही. गेल्या वेळी नितीनचं डोकं धरलं होतं ते पुन्हा नको. आणि दुपारी बाराच्या आत उंच भाग सोडायचा. जुलैत दुपारी ढग भरले की उघड्या माथ्यावर विजेला आपणच सर्वांत उंच उरतो. उतारावर लो गिअर टाक, नुसत्या ब्रेकवर येऊ नकोस.

युटाचा बाहेरच्यांसाठीचा परवाना लागेल. शिवाय २०२३ पासून चालवणाऱ्या प्रत्येकाला तिथला ऑनलाइन कोर्स करावा लागतो. मोठ्यांना फुकट आहे. तू परीक्षेला घाबरतोस हे वहिनींना ठाऊक आहे, त्यांना शेजारी बसव.

वहिनींच्या नव्या नोकरीचं कळलं, फार छान झालं. ओंकारचं कॉलेज नक्की झालं का? घराच्या छपराचं काम संपलं की कळव. टेक्सासच्या उन्हात तू कसा राहतोस देव जाणे.

रविवारपर्यंत एवढं कर: गाडीची रुंदी बाहेरच्या टायरपासून बाहेरच्या टायरपर्यंत मोजून पाठव, कंपनीने कागदावर लिहिलेली नको. आणि जुलैचा दुसरा आठवडा चालेल की तिसरा ते सांग. टुशारच्या वरच्या वाटा बर्फातून मोकळ्या झाल्या का, ते मी जून संपताना रेंजर ऑफिसला विचारून मगच कॅम्पची जागा पक्की करतो.

तुझा,
विनू