आजीच्या मुठीने आभाळ मोजणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

आभाळातल्या उजेडाचा तपास करायला तुम्ही पहिल्यांदा गावात आलात तेव्हा गहू कांडी धरायला लागला होता. आता हरभऱ्याचे घाटे भरत आलेत. मधल्या काळात रात्रीच्या विजेच्या लाइनवर सगळे पुन्हा ओलिताला जायला लागलेत, आणि हे पत्र लिहायचं पहिलं कारण तेच. जानेवारीच्या सुरुवातीला रात्री साडेदहाची लाइन यायची आणि मोटार सुरू करायला कोणी घराबाहेर पडायचं नाही. आभाळात उजेड दिसतो, तो वावरावर उतरतो, आग्या वेताळ आहे, यान आहे, असं ज्याला जे वाटेल ते तो सांगत होता. गव्हाचं ऐन गरजेचं पाणी आठ-दहा वावरांत चुकलं. ते नुकसान कोणी भरून देणार नाही.

तुमच्या आधी जे येऊन गेले त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. एक जण माइक घेऊन आले. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "यान किती मोठं होतं?" असं विचारल्यावर माणूस यानच सांगणार. एका कार्यालयाने अर्ज द्या म्हटलं, अर्ज दिला, तो तिथेच राहिला. एका महाराजांनी उताऱ्याचे पैसे सांगितले. आणि एका शिकलेल्या माणसाने फोनवर अर्ध्या मिनिटात निकाल दिला की तो शुक्र असेल. सगळ्यांत जास्त राग त्यांचा येतो. उजेड कोणत्या दिशेला दिसला, एवढंही त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळचा शुक्र सूर्य मावळतो त्या बाजूलाच असतो, रात्री आठला तो पूर्वेकडे दिसूच शकत नाही. लोकांना खगोलशास्त्र माहीत नसेल, पण शुक्राची चांदणी कुठे असते हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. त्या एका फोनमुळे विज्ञानाचं नाव घेणाऱ्यावरचा लोकांचा विश्वास उडाला आणि तो परत आणायला तुम्हाला तीन खेपा कराव्या लागल्या.

या सगळ्यात हाल झाले ते आजींचे. उजेड पहिल्यांदा त्यांनी पाहिला. आधी म्हणाले म्हातारीचे डोळे गेलेत. मग तोच उजेड बाकीच्यांनाही दिसला, तेव्हा म्हणायला लागले की तो हिच्याच अंगणातून उठतो. सर, या बोलण्याचं पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, पण कायदा गावात पोहोचेपर्यंत माणसाचं पाणी बंद झालेलं असतं.

म्हणून त्या संध्याकाळची एक गोष्ट आम्ही विसरणार नाही. तुम्ही आजींना विचारलं, "उजेड दिसला तेव्हा नेमक्या कुठे उभ्या होता?" त्या उंबऱ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. तुम्ही त्यांच्या शेजारी गुडघे वाकवून, डोळे त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत आणून समोरच्या कडुनिंबाकडे पाहिलंत. मग म्हणालात, "हात सरळ ताणा, मूठ बंद करा, आणि उजेड झाडावरच्या रेघेपासून किती मुठी वर होता ते सांगा." आजी म्हणाल्या, "मले काय समजते बावा, तुमचीच मूठ धरा ना." तुम्ही म्हणालात, "उजेड तुम्ही पाहिला, आजी. मूठ तुमचीच पाहिजे."

कोणी हे वाचून म्हणेल, त्यात एवढं काय? त्यात सगळं आहे. लांब केलेल्या हाताची मूठ आडवी धरली तर आभाळात साधारण १० अंश झाकले जातात, करंगळी साधारण १ अंश झाकते. लहान चणीच्या माणसाची मूठ लहान तसा हातही आखूड, त्यामुळे हिशेब जवळपास तोच राहतो. पण हात आणि मूठ दोन्ही एकाच माणसाची हवीत. तुम्ही तुमची मूठ आजींच्या डोळ्यांसमोर धरली असती तर आकडा चुकला असता. झाडावरची रेघसुद्धा तुम्ही अंदाजाने मारली नाहीत. गवंड्याचा पाणी भरलेला लेव्हल पाइप मागवलात, आजींच्या डोळ्यांची उंची त्या पाण्याने २० मीटरवरच्या बुंध्यावर नेलीत आणि तिथे खडूची खूण केलीत. रेघ फूटभर वरखाली झाली असती तर जवळपास एक अंशाचा फरक पडला असता.

अंधार पडल्यावर तुम्ही त्याच मुठीने ध्रुव मोजायला लावलात. गाव ज्या अक्षांशावर असतं तितकेच अंश ध्रुव क्षितिजाच्या वर दिसतो, आपल्याकडे २० च्या आसपास. आजींच्या बरोबर दोन मुठी भरल्या. अडीच भरल्या असत्या तर त्यांची एक मूठ ८ अंशांची धरायची, असं तुम्ही पोरांना समजावलंत. पण दोनच भरल्या, आणि तुम्ही वहीत लिहिलंत, "साक्षीदाराची मूठ १० अंश, तपासली." ते वाक्य तुम्ही सगळ्यांदेखत मोठ्याने वाचलंत. ज्या बाईच्या डोळ्यांवर गाव शंका घेत होतं, तिचं मोजमाप चारचौघांत खरं ठरलं. आजींनी पदर डोळ्यांना लावला तेव्हा तुम्ही वहीत बघत राहिलात. तेही आमच्या ध्यानात आहे.

बाकी तपास कसा केलात ते थोडं लिहितो, कारण दुसऱ्या गावांना त्याचा उपयोग होईल. तुम्ही लोकांना एकत्र बसवून विचारलं नाहीत. प्रत्येकाला वेगळा कागद दिलात, आधी चित्र काढायला लावलंत, मग बोलणं. सतरा कागद जमिनीवर मांडल्यावर जे कोणालाच सुचलं नव्हतं ते समोर आलं. उजेड एक नव्हता, वेगवेगळे होते, आणि गावाने बोलता बोलता त्यांचा एक केला होता.

"पाच मिनिटं दिसला" म्हणणाऱ्याला तुम्ही डोळे मिटून तो प्रसंग मनात पुन्हा बघायला सांगितलात आणि स्वतः घड्याळ धरलंत. पाच मिनिटांची चाळीस सेकंदं निघाली. "परातीएवढा" म्हणणाऱ्याला चंद्राकडे हात करून करंगळी धरायला लावलीत. अख्खा चंद्र करंगळीआड गेला, कारण तो अर्ध्या अंशाचाच असतो. त्यानंतर परातीचं माप कोणी सांगितलं नाही.

आजींचा उजेड आग्नेयेला, रात्री आठला दोन मुठी वर, लाल-हिरवा-पांढरा लुकलुकणारा आणि रोज त्याच बाजूला. तो व्याध निघाला. रात्रीच्या आभाळातला सर्वांत तेजस्वी तारा. मृगातल्या तीन चांदण्यांच्या बाणाची रेघ खाली वाढवली की नेमका त्याच्यावर जाते. खाली असताना त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरांतून येतो, थंड-गरम हवेत वाकतो आणि रंग सुटे होऊन चमकतात. त्यात त्या आठवड्यात धुऱ्याधुऱ्यावर कापसाच्या पऱ्हाट्या जळत होत्या, धूर खाली बसला होता. पण नाव सांगून तुम्ही थांबला नाहीत. तारा रोज जवळपास चार मिनिटं आधी उगवतो, पंधरा दिवसांत एक तास. तुम्ही आजींना म्हणालात, "पंधरा दिवसांनी याच वेळेला बघा, तीन मुठींच्या थोडा वर असेल. नसला तर माझं चुकलं." तपासणाऱ्याने स्वतःला असं बांधून घ्यायला पाहिजे. आम्ही त्याआधी कोणाला "माझं चुकलं असेल" म्हणताना ऐकलं नव्हतं.

दिव्यांची माळ पाहणारे सहा जण. ओळीने चाललेले दिवे, आवाज नाही, आणि पूर्वेकडे जाता जाता एकेक दिवा विझत गेला, तोही प्रत्येक जण त्याच जागी. ते स्टारलिंकचे, म्हणजे इंटरनेट पुरवणारे उपग्रह. २०१९ च्या मे महिन्यापासून ते साठ-साठने सोडायला लागले, आणि सोडल्यानंतरचे काही दिवस ते एकामागोमाग असे ओळीत दिसतात. जमिनीवर अंधार झाला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं. पृथ्वीच्या सावलीची कड आली की दिवा विझल्यासारखा दिसतो, म्हणून सगळे एकाच जागी गडप होतात. तारीख आणि वेळ जुळवून तुम्ही ते दाखवून दिलंत.

नाल्याकडचा लाल उजेड दोन जागांवरून पाहिलात, शाळेपासून आणि ३०० मीटरवरच्या मारुतीपासून. दोन्हीकडून होकायंत्राने दिशा घेतली, फरक आला १४ अंश, म्हणजे उजेड साधारण १,२०० मीटरवर. एका अंशाची चूक झाली तर ऐंशी ते शंभर मीटर इकडचं तिकडे होतं, म्हणून तुम्ही प्रत्येक दिशा तीनदा घेतलीत. मोबाइलचं होकायंत्र मोटरसायकल, टिनाचं छप्पर किंवा विजेच्या खांबाजवळ चुकतं, म्हणून पोरांना दहा पावलं लांब नेलंत आणि मोबाइल हवेत आठचा आकडा काढल्यासारखा फिरवायला लावलात. दोन रेघा टेकाडाच्या उतारावर मिळाल्या. दिवसा जाऊन पाहिलं तर कुंपणात विजेचा झटका सोडणाऱ्या झटका मशीनच्या बाजूला उंच बल्लीवर रानडुकरांसाठी टांगलेला, उघडझाप करणारा दिवा. मागचं टेकाड अंधारात दिसत नाही, म्हणून तो आभाळात वाटायचा. ज्याचं वावर होतं तो गडी ओशाळला, पण तुम्ही त्याला म्हणालात की पीक राखणं हा काही गुन्हा नाही.

आणि तो व्हिडिओ, ज्याने सगळ्यात जास्त घबराट केली. तुम्ही फॉरवर्ड झालेला पाहायला तयार नव्हता. फॉरवर्ड होताना चित्र दबतं, वेळेची नोंद पुसली जाते. मूळ मोबाइल, मूळ फाइल, मूळ जागा, हे तिन्ही मागितलंत. देवळापुढच्या एलईडी दिव्याचं प्रतिबिंब लेन्सच्या आत पडून तो हिरवा ठिपका होत होता. मोबाइल हलवला की ठिपका दिव्याच्या उलट दिशेने सरकतो, दिवा तळहाताने झाकला की ठिपका नाहीसा. पोरांनी ते चाळीस वेळा तरी करून पाहिलं असेल.

भीतीचं मूळही तुम्ही समजून घेतलंत. म्हाताऱ्या माणसांना १९७९ साली कोसळलेलं अमेरिकेचं अवकाशस्थानक, स्कायलॅब, आठवतं. बाकीच्यांना २ एप्रिल २०२२ चा गुढीपाडवा आठवतो. त्या संध्याकाळी अख्ख्या विदर्भाने जळत जाणारे तुकडे पाहिले, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, आणि ते चीनच्या रॉकेटचे अवशेष असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. "तुम्ही उगाच घाबरलेले नाही," असं तुम्ही सुरुवातीलाच म्हणालात. उल्का एक-दोन सेकंदांत संपते, रॉकेटचा तुकडा मात्र तुटत तुटत सावकाश आभाळ ओलांडतो, हा फरक सांगितलात. ७० किलोमीटर उंचीवर जळणारा तुकडा दोन मुठी वर दिसत असेल तर तो १९० किलोमीटर लांब असतो, म्हणून "पुढच्याच वावरात पडला" असं वाटलं तरी धावत सुटू नका. खरंच काही पडलेलं सापडलं तर हात लावू नका, टाकीत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. लेकरं-गुरं लांब ठेवा, पोलीस पाटलाला आणि तहसीलला कळवा. हे आता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवलंय.

त्याच फळ्याशेजारी तुमचा निष्कर्षाचा कागद लावलाय. त्यात चार ओळींपुढे कारण लिहिलंय आणि पाचवीपुढे, दोन पोरांनी पाहिलेल्या उजेडापुढे, लिहिलंय, "ठरवता येत नाही." पोरं म्हणत होती की उजेडानंतर गडगड ऐकू आली. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. मोठी उल्का असती तर आवाज काही मिनिटांनी आला असता, पण मधे किती वेळ गेला ते पोरांना सांगता येईना. उल्का म्हणून टाकलं असतं तर कोणी हरकत घेतली नसती. तुम्ही टाकलं नाही. गावाने बाकीच्या चार ओळी मानल्या त्या या पाचव्या ओळीमुळे, असं आम्हाला ठामपणे वाटतं. पोरं आता वावरात जाताना खिशात कागद-पेन ठेवतात.

तुम्ही गाडीभाडंही घेतलं नाहीत, भाकरी-ठेचा तेवढा खाल्लात. सर, अशी माणसं आहेत म्हणून खेड्यातला माणूस अजून कोणाला तरी विचारायला जातो.

पंधराव्या दिवशी रात्री आठला आजींच्या अंगणात निम्मं गाव जमलं होतं. आजी उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या, हात ताणला, खडूच्या रेघेपासून एक, दोन, तीन मुठी चढवल्या आणि वर दोन बोटं ठेवली. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "सरले सांगा, बरोबर हाये."

तोच निरोप कळवायला हे पत्र.

आपले,
समस्त गावकरी