सराफ्यामागच्या गल्लीतील माणसे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरच्या सराफ्यात रात्री पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि हिवाळ्यात गराडू (तळलेला कंद) यांचे ठेले लागतात, याविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु बाजारामागच्या आमच्या गल्लीतील माणसांविषयी एक ओळही वाचायला मिळत नाही.

येथे माडीवरच्या अंधाऱ्या खोल्यांत बंगालमधून आलेले कारागीर दिवसभर मान खाली घालून दागिन्यांना डाख देतात आणि संध्याकाळी जमिनीवरचा केरही जपून गोळा करतात, कारण त्यात सोन्याचे कण असतात. समोरच्या पडक्या वाड्यात एक वृद्ध मराठी आजी एकट्या राहतात. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, तेव्हा त्यांच्या बादल्या हेच कारागीर जिना चढवून देतात आणि आजी त्यांचे बँकेचे हिंदी अर्ज भरून देतात. कोपऱ्यावर एका बोहरी कुटुंबाचे कुलपांचे दुकान आहे. 2017 मध्ये इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले, ते ज्यांच्या कष्टांमुळे, त्या सफाई करणाऱ्या बायका खवय्ये परतल्यावर, उत्तररात्री, याच दुकानाच्या पायरीवर घटकाभर टेकतात.

रात्री येणाऱ्यांच्या दुचाक्यांनी गल्लीचे तोंड बंद होते. गेल्या महिन्यात आजींना दवाखान्यात नेताना कारागिरांनी त्यांना खुर्चीत बसवून उचलून रस्त्यापर्यंत आणले. निदान एक रुग्णवाहिका आत येईल एवढी जागा मोकळी ठेवण्याची व्यवस्था व्हावी, ही कळकळीची विनंती.

– एक रहिवासी, इंदूर