चॅड्रनच्या तळावर भेटलेल्या काकांना

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

चॅड्रन स्टेट पार्कात शेजारच्या तंबूतून अचानक मराठी ऐकू आलं, ओळख झाली, पण नाव-नंबर न घेताच सकाळी आपण आपापल्या वाटेला लागलो. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर.

नेब्रास्कातला वारा काय असतो ते त्या संध्याकाळी कळलं. खुंट्या उपटून येत होत्या. तुम्ही हातातला कप खाली ठेवून आलात आणि आधी तंबूच फिरवायला लावलात, दार वाऱ्याच्या पाठीमागे येईल असा. मग एकेक खुंटी पुन्हा ठोकलीत, तिचं डोकं तंबूपासून बाहेर कललेलं ठेवून, आणि तणावे बेताचे ताणून बांधलेत. रात्रभर वारा घोंघावत होता, पण बाबा गाढ झोपले. या मदतीचे आभार आहेतच. त्याहून जास्त आभार कारहेंजसाठी.

बाबा आयुष्यात पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते. बॅडलँड्स झालं, माउंट रशमोर झालं. ते सगळीकडे ‘छान आहे’ म्हणायचे आणि गाडीत जाऊन बसायचे. तुम्ही त्यांना सहज विचारलंत, ‘आपण काय करायचात?’ ‘गॅरेज होतं,’ ते म्हणाले. तुम्ही लगेच आमच्याकडे वळून बजावलंत की उद्या सरळ डेन्व्हर गाठायचं नाही, आधी अलायन्स गावाला जायचं. जुन्या गाड्या जमिनीत पुरून केलेली इंग्लंडमधल्या स्टोनहेंजची, म्हणजे तिथल्या प्राचीन दगडी वर्तुळाची, नक्कल म्हणजे हे कारहेंज; ते बघायला थांबायची आमची फारशी इच्छा नव्हती. तेव्हा तुम्ही ती गोष्ट सांगितलीत: जिम राइंडर्स नावाच्या माणसाने वडिलांच्या आठवणीसाठी, वडील जिथे राहिले त्याच शेतावर, १९८७ साली घरच्या जवळपास ३५ माणसांना गोळा करून ते उभारलं. एवढं ऐकल्यावर बाबाच म्हणाले, ‘जाऊ या.’

गावाच्या उत्तरेला, सपाट माळावर ते एकदम समोर येतं. करड्या रंगात रंगवलेल्या ३९ गाड्या. उभ्या गाड्यांची डिकी जमिनीत पुरलेली, बॉनेट आकाशाकडे आणि वर आडव्या ठेवलेल्या गाड्या वेल्डिंगने जोडलेल्या. वर्तुळाचा व्यास सुमारे ९६ फूट, स्टोनहेंजच्या मापाने. आम्ही फोटो काढत होतो आणि बाबा त्या वेल्डिंगखाली मान वर करून उभे होते. सांधा कुठून सुरू केला असेल, गाडी वर धरून ठेवायला काय वापरलं असेल, खड्डा किती खोल घेतला असेल, हे सगळं ते नातवाला समजावत होते. एका गाडीच्या मडगार्डवर तळवा ठेवून म्हणाले, ‘पत्रा बघ, केवढा जाड! आता असा मिळत नाही.’ सगळ्या प्रवासात त्यांना इतकं बोलताना आम्ही पाहिलं नव्हतं. नातू तर त्या दिवसापासून त्यांना सोडायलाच तयार नव्हता.

तिथून निघाल्यावर बाबांना मी बाकीची माहिती वाचून दाखवली. सुरुवातीला गावातल्या अधिकाऱ्यांना हे पाडून टाकायचं होतं, मग ‘फ्रेंड्स ऑफ कारहेंज’ नावाचा गट उभा राहिला आणि त्यांनी ते वाचवलं. २०१३ साली ते अलायन्स शहराच्या स्वाधीन झालं. आत जायला आजही तिकीट नाही. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. एका घराने आपल्या माणसासाठी केलेलं काम गावाने आपलं मानलं, म्हणून कुठल्या कुठून आलेल्या आमच्यासारख्यांना ते बघता आलं.

काका, दमलेल्या, अनोळखी माणसाला ‘तुम्ही काय करायचात’ असं विचारायला तुम्हाला सुचलं. आम्हाला घरच्यांना ते सुचलं नव्हतं. त्याबद्दल मनापासून आभार.

बाबांचा एक निरोप आहे. स्टोनहेंजच्या वर्तुळाबाहेर ‘हील स्टोन’ नावाचा एक सुटा दगड आहे, त्याच्या जागी इथे उभी आहे ती १९६२ची कॅडिलॅक. तिच्याबद्दल त्यांना तुमच्याशी सविस्तर बोलायचं आहे. हे पत्र वाचलंत तर जरूर कळवा.

आपली,
चॅड्रनची शेजारीण