काका, तुमचा पाना अजून आमच्याकडेच आहे

काका,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्ही 'आभार-बिभार काही नको' म्हणालात आणि लगेच टायरच्या हवेवर आलात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. इथे तुम्हाला विषय बदलता येणार नाही. नाव घालू नकोस म्हणालात, तेवढं पाळतो. डॅलसच्या उत्तरेला राहणारे, मूळचे चिंचवडचे, उभा जन्म ट्रकच्या चाकांत हात घालण्यात गेलेले काका, एवढं पुरे. ओळखणारे ओळखतील.

उघड लिहायला दुसरंही कारण आहे. आपल्यातली बरीच मंडळी आता राहायचा ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेण्याच्या बेतात आहेत, आणि दुकानात सगळ्यांना एकच पाठ केलेलं वाक्य ऐकवतात: "तुमचा पिकअप नऊ हजार पौंड ओढतो, हा ट्रेलर सात हजारांचा, काळजीच नको." आम्हालाही तेच ऐकवलं. विकणाऱ्याने ट्रकचं दार उघडून चौकटीवरचा पिवळा स्टिकर एकदाही बघितला नाही. तुम्ही आलात ते थेट त्या दाराशीच गेलात.

त्या स्टिकरवर आमच्या ट्रकची मर्यादा १,५२० पौंड लिहिली आहे. माणसं, सामान आणि ट्रेलरच्या दांड्याचा ट्रकमागच्या जोडणीच्या गोळ्यावर पडणारा भार, सगळं मिळून इतकंच. ड्रायव्हरसुद्धा त्यातच धरायचा. ओढण्याची ताकद कितीही असो, आधी संपते ती ही मर्यादा. आणि कॅटलॉगात दांड्याचं जे वजन छापतात ते रिकाम्या ट्रेलरचं असतं. त्यात ना पाणी, ना गॅसची नळकांडी, ना सोना मसुरीची पोती.

तुम्ही आम्हाला हायवेवरच्या ट्रकस्टॉपला, कॅट स्केलच्या काट्यावर नेलंत. तीनदा वजन केलं: एकदा ट्रेलर जोडून आणि हिचचे, म्हणजे जोडणीचे, स्प्रिंग बार (दांड्याचा भार ट्रकच्या पुढच्या चाकांकडेही ढकलणारे) ताणून, एकदा बार सैल सोडून, आणि एकदा नुसत्या ट्रकचं. दुसऱ्या वजनातल्या ट्रकच्या दोन्ही एक्सलांच्या बेरजेतून तिसरं वजन वजा केलं की दांड्याचा खरा भार कळतो. आमचा निघाला ५८०. ट्रेलर भरलेला ६,५०० पौंडांचा, म्हणजे नऊ टक्के. पाहिजे दहा ते पंधरा टक्के. त्याखाली गेला की ट्रेलरचं शेपूट हलायला लागतं, आणि ताशी साठ मैलांच्या वेगात हलायला लागलेलं शेपूट आवरणं कठीण. कारण तुम्ही वाकून शोधलंत. चाळीस गॅलनची पाण्याची टाकी एक्सलच्या मागे, तीही काठोकाठ भरलेली. पाणी गॅलनला सव्वाआठ पौंडांच्या वर भरतं. शिवाय मागच्या कपाटात कुकर, तांदळाची पोती आणि आईचा लोखंडी खलबत्ता. खलबत्त्याकडे बघून तुम्ही फक्त "हा एक्सलवर" एवढंच म्हणालात. घरी ठेवा म्हणाला नाहीत, याबद्दल आईकडून वेगळे आभार.

टाकीत पाचेक गॅलन ठेवून बाकी सोडून दिलं, जड सामान एक्सलच्या किंचित पुढे आणलं, आणि भार ७५० वर गेला. ट्रेलर सुधारला आणि ट्रक बिघडला. ७५० दांड्याचे, ९० हिचचे, ५९० आम्हा माणसांचे, २०० पाठीमागच्या हौद्यातल्या सामानाचे: १,६३०. मर्यादेच्या ११० पौंड वर. मग हौद्यातले दोनशे पौंड उचलून ट्रेलरमध्ये बरोबर एक्सलच्या डोक्यावर ठेवले. तिथे ठेवलेलं वजन दांड्यावर जवळजवळ येत नाही. ट्रेलर ६,४००, ट्रक १,४३०, दोघेही मर्यादेत. पुढच्या एक्सलवर एकट्या ट्रकचे ३,१२० पौंड होते. ट्रेलर जोडल्यावर २,८१० झाले होते. बार एक कडी वर ताणल्यावर ३,०३० पर्यंत आले. पुढची चाकं हलकी राहिली तर स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक दोन्ही पोकळ लागतात, हे काट्याच्या चिठ्ठीवर बोट ठेवून सांगितलंत तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. ही आकडेमोड सहावीतल्या मुलाला जमते. विकणाऱ्याच्या गणितात मात्र कमिशनशिवाय दुसरा आकडाच नसावा.

आता त्या चाकाबद्दल. दुकानाने दिलेल्या तपासणीच्या कागदावर सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा होत्या. बेअरिंग: बरोबर. ब्रेक: बरोबर. खाली एक झोकदार सही. तुम्ही तो कागद घडी करून बाजूला ठेवलात, आम्हाला गल्लीतून दहा मिनिटं ब्रेक मारत फिरायला लावलंत आणि परत आल्यावर उष्णता मोजायची बंदूक चारही चाकांच्या हबवर, म्हणजे मधल्या भागावर, धरलीत. तीन चाकं १३० अंश फॅरेनहाइटच्या आसपास, उजवं मागचं ९५. बघणाऱ्याला वाटेल गार आहे ते चांगलं. तुम्ही म्हणालात, तापलं तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक, आणि गार राहिलं तर त्या चाकाला ब्रेकच नाही.

ड्रम उतरवला तर आत ग्रीसचा लगदा. या एक्सलांना टोकाशी ग्रीस भरायला निपल असतं. हबची टोपी न काढता ग्रीसच्या बंदुकीने ग्रीस ढकलता येतं, म्हणून सगळे खूश असतात. पण चाक जॅकवर उचलून हाताने फिरवत, सावकाश भरायचं असतं. उभ्या चाकात भसाभस दाबलं तर आतलं सील फुटतं आणि ग्रीस थेट ब्रेक लायनरवर. एकदा ग्रीस प्यालेलं लायनर कितीही पुसलं तरी कामाचं नाही, बदलायचंच. तुम्ही नवे शू बसवलेत, ड्रमचा आतला भाग ब्रेक क्लीनरने धुतलात, बेअरिंगमध्ये तळहातावर दाबून ग्रीस भरलंत, नवं सील ठोकळ्याने सरळ बसवलंत. स्पिंडलचा नट ड्रम फिरवत ५० फूट-पौंडांपर्यंत आवळला, पूर्ण सैल केला आणि मग नुसत्या बोटांनी घट्ट. आवळलेला तसाच ठेवला तर बेअरिंग पहिल्या शंभर मैलांत जळेल, हे सांगताना तुमचा आवाज पहिल्यांदा चढला. चढणारच. सही करणाऱ्याने तो ड्रम उघडलाच नव्हता.

त्याच कागदावर 'ब्रेकअवे केबल: बरोबर' असंही होतं. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी ही केबल. ती होती सुरक्षेच्या साखळीच्याच आकड्यात अडकवलेली. हिचच निखळली तर साखळ्या आणि केबल एकदम जातील, मग ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागणार कसे? तुम्ही ती वेगळी काढून ट्रकच्या चासीला लावलीत, साखळ्या दांड्याखाली फुलीसारख्या ओलांडून घेतल्यात, केबलची पिन क्षणभर ओढून चाकं अडकतात का ते पाहिलंत.

काका, या सगळ्या कामाचे आभार मानलेच पाहिजेत. पण मनात जे राहिलं ते वेगळंच.

चारही चाकं चढवून झाल्यावर तुम्ही नट स्वतः आवळले नाहीत. टॉर्कचा पाना माझ्या बायकोच्या हातात दिलात. "११० ला लावलाय. एक सोडून एक, चांदणी काढल्यासारखं जायचं. खट् वाजलं की थांब, परत ओढू नकोस." तिने चोवीसही नट आवळले, तुम्ही हात मागे बांधून उभे. मग पाना पेटीत ठेवलात आणि पेटी आमच्या पुढच्या कपाटात. आम्ही परत करायला लागलो तर झाकण उघडून दाखवलंत. आत मास्किंग टेपची पट्टी, तुमच्या किरट्या अक्षरात: "१० मैल, २५ मैल, ५० मैल. काम झाल्यावर काटा खाली उतरवून ठेवणे." प्रत्येक आकड्यापुढे खूण करायला एक रिकामा चौकोन. त्या दुकानाच्या कागदावर सगळे चौकोन आधीच भरलेले होते. तुम्ही ते आमच्यासाठी मोकळे ठेवलेत.

पाना जुना आहे, दांड्यावरचं क्रोम उडालंय, मुठीला तुमच्याच हाताचा घट्टा पडलाय. चाळीस डॉलरला नवा मिळतो हे तुम्हालाही माहीत. तरी आपला दिलात, कारण त्याची खात्री तुम्हाला आहे.

आणि चौकोन उगाच नव्हते. चाक काढून बसवलं की नट पहिल्या काही मैलांत बसकण घेतात. जोड एक्सलचा ट्रेलर अरुंद वळणावर चाकं आडवी फरफटवतो, तो सगळा ताण स्टडवर येतो. कारचं चाक सैल झालं तर स्टिअरिंगला कळतं, ट्रेलरचं ड्रायव्हरला काहीच कळत नाही, आरशात चाक पुढे धावताना दिसेपर्यंत. दहाव्या मैलावर दोन नट पाव वळसा फिरले. पंचविसाव्यावर एक. पन्नासाव्यावर सगळे जागच्या जागी खट्.

परक्या देशात सल्ला देणारे पावलोपावली भेटतात. फोन नंबर देणारेही भेटतात. ऐन उन्हात दुसऱ्याच्या ड्राइव्हवेवर पाठीवर झोपून सील बघणारा, आणि वर पैसे काढल्यावर "चहा ठेवा" म्हणणारा माणूस भेटला की बाकीच्यांवरचा रागही निम्मा उतरतो. पुरता नाही, निम्माच.

बाकीचं भराभर लिहितो, नव्याने निघणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. स्टेपनीच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. आमच्यावर २२१९ होतं, म्हणजे २०१९ सालचा बाविसावा आठवडा, 'नव्या' ट्रेलरवर. ट्रेलरच्या टायरवर वेगळा वेग लिहिला नसेल तर ताशी पासष्ट मैलांच्या वर जायचं नाही. हवा सकाळी थंड असताना बघायची, दुपारी तापून वाढलेली दिसली म्हणून सोडायची नाही. गिझरची टाकी भरल्याशिवाय विजेचं बटण दाबलं तर एलिमेंट मिनिटात जळतं. घरी तीस अँपिअरचा सॉकेट बसवून घेतला असेल तर आधी मीटर लावा: तिथे १२० व्होल्ट हवेत. ड्रायरचा समजून २४० जोडणारे इलेक्ट्रिशियन आहेत, आणि मग ट्रेलरमधलं सगळं एका झटक्यात खलास. कॅम्पवर एसी आणि इंडक्शन एकदम चालवलं की तीस अँपिअर संपतात, भात होईपर्यंत एसी बंद. फोडणीच्या धुराने अलार्म ओरडला तर पंखा आणि खिडकी. बॅटरी काढून ठेवायची नाही, आणि जमिनीलगतच्या गॅस डिटेक्टरला तर हातच लावायचा नाही. मैल्याच्या टाकीची झडप कॅम्पवरच्या सांडपाण्याच्या जोडणीवर उघडी ठेवू नका. पाणी वाहून जातं, घट्ट तेवढं आत साठतं. आधी मैल्याची टाकी सोडा, मग आंघोळीच्या पाण्याची, म्हणजे नळी धुतली जाते.

आता आमचा प्रवास. २८७ हायवेवर विचिटा फॉल्सच्या पुढे आडवा वारा लागला, तुम्ही सांगितलेला. एका ट्रकने ओलांडलं तेव्हा शेपूट एकदा हललं. ट्रकचा ब्रेक दाबला नाही. गॅसच्या पेडलवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं, कंट्रोलरची ट्रेलरच्या ब्रेकची कळ हलकेच दाबली, आणि ट्रेलर मुकाट्याने मागे आला. नऊ टक्क्यांवर तो असा आला नसता. न्यू मेक्सिको-कोलोरॅडो सीमेवरचा घाट, रॅटन पास, ७,८३४ फुटांवर. टर्बो नसलेलं इंजिन हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, तेव्हा चढाला घाई केली नाही. पलीकडे ट्रिनिडॅडकडे उतरताना टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअरसाठी वापरायचा), आधीच खालचा गिअर, ब्रेक एकदा जोरात आणि मग पूर्ण सोडून. खाली थांबून बंदूक धरली: चारही हब एकमेकांच्या दहा अंशांत.

आता एक विचारायचं आहे. डाव्या पुढच्या टायरचा आतला काठ जास्त झिजतोय. खोली मोजली: बाहेर ६/३२ इंच, आत ४/३२. बाकी तिन्ही सारखे. हवा ठीक होती, वजन तुम्ही बघितलेलंच आहे. एक्सल त्या टोकाला वाकलाय, की स्प्रिंगचा यू-बोल्ट सैल होऊन एक्सल सरकलाय? दोन्ही बाजूंची मापं घेऊन ठेवली आहेत, फोटो पाठवलेत. रविवारी पाना घेऊन येतो तेव्हा ट्रेलर जोडूनच आणू का?

आपला,
चांदणी काढणारीचा नवरा