कंटेनर थंड करत नाही, अण्णा

रॉटरडॅम,
रविवार, ९ मार्च २०२५

ती. अण्णा आणि सौ. आईस,
बाळूचा साष्टांग नमस्कार. आजीला वेगळा नमस्कार, नाहीतर ती रुसते.

मी खुशाल आहे. आई पुढचं वाचायच्या आधी तेवढंच शोधणार, म्हणून ते पहिल्याच ओळीत. फोन रोज होतो, पण अण्णा दोन वाक्यांनंतर "मजूर आलेत, ठेव" म्हणतात आणि मला त्यांना एक गोष्ट नीट समजावून सांगायची आहे. इथला जळगावचा एक मुलगा परवा सुट्टीवर निघालाय, त्याच्याबरोबर हे पत्र पाठवतोय.

आधी आईच्या शंका. मी दिवसभर थंडीत कुडकुडत उभा नसतो. कोल्ड स्टोरेज शून्य अंशाच्या आसपास असतं हे खरं, पण जाड जॅकेट, बूट, हातमोजे सगळं मिळालंय आणि द्राक्षं तपासायची खोली वेगळी आहे. उणे १८ अंशांचं गोदाम पलीकडे आहे, तिथे कोळंबी आणि मटार असतात. तिकडे माझं कामच नाही. तेव्हा "आमचा बाळू उणे अठरात राबतो" असं गल्लीत सांगत फिरू नको. जानेवारीतला खोकला थंडीमुळे नव्हता. तेव्हा तो इथे सगळ्यांनाच होता, आणि आता गेलाय.

जेवणाचं मात्र सविस्तर लिहितो, कारण फोनवर सांगितलं तर तुला खरं वाटत नाही. ही माणसं दुपारी गरम काही खातच नाहीत. उपास नाही, आजार नाही, वेळ नाही असंही नाही. बारा वाजले की घरून आणलेले डबे उघडतात. आत पावाचे तीन-चार काप आणि त्यांत चीज. ते झालं की गोड पाव. त्याला लोणी लावायचं आणि वर चॉकलेटचे बारीक दाणे पेरायचे, आपण वाढदिवसाच्या केकवर टाकतो तसले. पोरांचं खाणं वाटेल, पण आमचा फोर्कलिफ्टवाला पन्नाशीचा आहे आणि दाणे सांडू नयेत म्हणून पाव दोन्ही हातांनी धरून अगदी मन लावून खातो. त्यावर फ्रिजमधलं थंडगार दूध, नाहीतर ताक. ताकात मीठ नाही, जिरं नाही. शून्य अंशातून बाहेर आलेला माणूस थंड दूध पितो! मला आधी वाटलं मायक्रोवेव्ह बिघडलाय. तो ठणठणीत आहे, पण वापरतो मी एकटा. गरम जेवण दिवसातून एकदा, संध्याकाळी सहाला, आणि सहा म्हणजे सहा. त्या वेळी कुणाकडे गेलं तर "बसा, दोन घास खा" असं कुणी म्हणेलच असं नाही. त्यात उद्धटपणा नसतो, बटाटे माणसं मोजून उकडलेले असतात. एवढं लांबण लावलं ते तू सारखी विचारतेस म्हणून, की तुला कुणी जेवायला बोलावत नाही का. ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी जमते. गोल होत नाही, पण पोटात जाऊन गोल काय न चौकोनी काय.

आता अण्णा. गेल्या वर्षी व्यापाऱ्यानं "माल जहाजात खराब झाला" म्हणून किलोमागे पैसे कापले, तेव्हापासून तुम्ही जहाजवाल्यांना शिव्या घालताय. घाला, पण आधी हे वाचा.

कंटेनर माल थंड करत नाही. थंड करून दिलेला माल थंड ठेवतो, तेवढंच त्याचं काम. गार हवा तळातल्या पन्हळींतून येते, खोक्यांच्या भोकांतून वर चढते आणि छताखालून परत यंत्राकडे जाते. भिंतीवर लाल रेघ असते. एक जादा थर बसवायच्या हौसेपायी खोकी त्या रेघेच्या वर गेली, की हवेची परतीची वाट बंद. आणि आत माल गरम गेला, तर? आईला विचारा, गरम भाताचं पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं तर भात कधी निवतो आणि शेजारच्या दुधाचं काय होतं. मार्चमधल्या दुपारचा घड तिशीच्या वर तापलेला असतो. तोडल्यापासून चार-सहा तासांत तो प्री-कूलिंगमध्ये, म्हणजे माल झटपट गार करायच्या खोलीत, गेलाच पाहिजे आणि तिथून शून्यावर येऊनच कंटेनरमध्ये चढला पाहिजे. क्रेटची ट्रॉली लिंबाखाली "अजून दोन ओळी होऊ द्या" म्हणून उभी राहते ना, ते तास समुद्रात भरून निघत नाहीत.

पूर्वी हे खपून जायचं. न्हावा शेव्याहून सुएझमार्गे माल तीन-साडेतीन आठवड्यांत इथे लागायचा. २०२३च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून बहुतेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येतात. वरचे दहा-बारा दिवस फळाच्या आयुष्यातूनच जातात. म्हणजे जिथून दक्षिण आफ्रिकेची द्राक्षं निघतात तिथून आपली नुसती पुढे जातात, तोवर निम्मा प्रवास करून. मग दोन्ही इथे शेजारी-शेजारी लागतात आणि घेणारा आधी देठ बघतो. मणी कितीही टणक असू दे, देठ तपकिरी पडला की माल शिळा.

सील कापून दार उघडलं की ग्रेप गार्डचा, म्हणजे बुरशी रोखायला खोक्यात घातलेल्या कागदाचा, गंधकी वास नाकात जातो. मग मी मण्यात सुईचा थर्मामीटर खुपसतो, घड झटकून मणीगळ बघतो, तळाच्या खोक्यात बुरशी शोधतो. खोक्यावर बागेचा नोंदणी क्रमांक असतो. परवा आपल्या तालुक्यातला माल निघाला, देठ हिरवेगार. त्याच्या शेजारच्या पॅलेटवर मात्र बुरशी होती, ती लिहिली. लिहावीच लागते. त्या कागदावरून कुणाचे तरी पैसे कापले जाणार, हे तुमच्या मुलाला कळत नाही असं समजू नका.

सोबत दोन आलेख हातानं काढून जोडलेत. कंटेनरमध्ये तापमानाचा रेकॉर्डर असतो, त्याची रेघ अशी येते. रेघ सहा-सातवर सुरू होऊन बरेच दिवस हळूहळू खाली येत असेल, तर माल गरमच भरला होता, त्यात जहाजाचा दोष नाही. शून्याजवळ सरळ चाललेली रेघ मध्येच उसळली, तर कुठल्या तरी बंदरात वीज तुटली होती, आणि त्याचा भुर्दंड बागायतदारानं का सोसायचा? यंदा व्यापारी "जहाजात" म्हणाला की भांडू नका. शांतपणे रेकॉर्डरचा आलेख मागा. तो असतोच.

तुम्ही म्हणाल, तोडणीला हजर नाही आणि तिकडून शहाणपण शिकवतोय. तुमचा सीझन तोच इथला सीझन, त्याला मी काय करू? ट्रॉलीच्या मागे पळायला मी असतो तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं, तेही खरं.

पैसे पाठवलेत, १,२०,०००. ३१ मार्चच्या आत सोसायटीचं पीककर्ज भरा, ट्रॅक्टरच्या हप्त्यात वळवू नका. उरतील ते खरड छाटणीच्या मजुरीला ठेवा. मला पुरतात. खोली दोघांत घेतलीय ती सोबतीसाठी, भाड्यासाठी नाही.

छकीचं ठरतंय याचा फार आनंद झाला. मुलाकडचे एप्रिल म्हणतात, पण एप्रिलमध्ये मला रजा मिळत नाही. मे अखेरचा मुहूर्त निघतोय का बघा. ते अडून बसले तर माझ्यासाठी स्थळ हातचं घालवू नका. हॉलचा ॲडव्हान्स मीच देणार, त्यावर चर्चा नको. साखरपुड्याला मोबाइल स्टँडवर नीट लावा. मागच्या कार्यक्रमात मला तासभर मंडपाचं छत दिसत होतं.

आई, पिंपळगावच्या मुलीचा बायोडेटा मिळाला. "मुलगा परदेशात मोठ्या हुद्द्यावर" असं मावशीनं सांगून ठेवलंय, ते आधी दुरुस्त कर. मी द्राक्षं तपासतो. हे ऐकूनही त्यांची तयारी असेल तर पत्रिका पाठव.

तुमचा,
बाळू