द्राक्षाचा कंटेनर आणि माझं एमए

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे, पदवीचे निकाल लागले की गावातले पालक मुलांना घेऊन आमच्याकडे येतात. मी आंतरराष्ट्रीय धोरण या विषयात एमए केलंय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे यूपीएससीचीच तयारी ना?" नाही म्हटलं की तिथेच विषय संपतो. या शिक्षणातून हाती काय लागतं ते ओट्यावर उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून हे पत्र.

२०१० साली मी नववीत होते. त्या हंगामात युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आमच्याकडे ज्याला सीसीसी म्हणतात ते, मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि माल अडकला. त्यात आमच्या बागेचाही माल होता. निर्यातदाराने फोनवर "माल सोडत नाहीत" एवढंच सांगितलं. वडील त्या रात्री फवारणीची वही घेऊन बसले. खरड छाटणीनंतर, म्हणजे हंगाम संपल्यावरच्या छाटणीनंतर, वेलीच्या शेंड्याची वाढ थांबवायला सीसीसी मारल्याची नोंद त्यांच्याच अक्षरात, तारखेसकट होती. तो फवारा आजूबाजूचे सगळेच मारत होते. मर्यादा कोणी ठरवली, कधी ठरवली, हे मात्र गावात एकालाही सांगता येईना.

त्याचं उत्तर मला एमएच्या दुसऱ्या सत्रात मिळालं. जागतिक व्यापार संघटनेचा एसपीएस करार, म्हणजे अन्नसुरक्षा आणि प्राणी-वनस्पतींच्या आरोग्याच्या नियमांचा करार, १९९५ पासून लागू आहे. कुठलाही सदस्य देश अन्नसुरक्षेचा नियम आंतरराष्ट्रीय मानकापेक्षा कडक करणार असेल आणि त्याचा व्यापारावर परिणाम होणार असेल, तर त्याने आधी इतर देशांना कळवायचं आणि हरकतींसाठी साधारण ६० दिवस द्यायचे. युरोपीय संघाने मालात उरणाऱ्या औषधाच्या अवशेषांच्या मर्यादा सगळ्या सदस्य देशांत एकसारख्या केल्या त्या सप्टेंबर २००८ पासून. ज्या औषधाला वेगळी मर्यादा दिलेली नाही त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. आमचा माल अडला त्याच्या दीड वर्ष आधीपासून ही चौकट लागू होती. वर्गात ते पान वाचताना मला वडिलांची वही आठवली आणि पुढचं व्याख्यान कानावर पडलंच नाही.

आज हे काम सोपं झालंय. ईपिंग नावाच्या संकेतस्थळावर आपला माल निवडून ठेवला की अशा सूचना ईमेलने फुकट येतात. ताज्या द्राक्षांचा सीमाशुल्काचा संकेतांक ०८०६१०, बेदाण्याचा ०८०६२०. पहिले सहा आकडे जगभर तेच. पण आलेली सूचना वाचता यायला हवी, आणि हे वाचणं शिकावंच लागतं. उदाहरणार्थ, पॅरिस हवामान कराराच्या अंतिम मसुद्यात विकसित देशांच्या उत्सर्जन कपातीपुढे 'शॅल' पडलं होतं; अमेरिकेला 'शुड' हवं होतं. एक बंधन, दुसरी नुसती अपेक्षा. १२ डिसेंबर २०१५ ला तेवढ्या एका शब्दासाठी सगळं सभागृह ताटकळलं. तेव्हापासून मी कुठलाही करार क्रियापदं शोधत वाचते.

२४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी व्यापार करार झाला तेव्हा सगळीकडे चर्चा शुल्क किती उतरलं याचीच होती. मी आधी अन्नसुरक्षेचा भाग उघडला. ब्रेक्झिटनंतर ब्रिटन अवशेष मर्यादा स्वतंत्रपणे ठरवतो. शुल्क शून्यावर आलं तरी अवशेषाच्या आकड्यावर माल बंदरात अडू शकतो, हे आमच्या घराला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

अभ्यासक्रमातला सगळाच भाग असा उपयोगी पडला असं नाही. सिद्धान्तांचं पहिलं सत्र लांबलं, संख्याशास्त्र जड गेलं. पण वर्गातल्या अभिरूप (सरावाच्या) वाटाघाटींत सरांनी मला मुद्दाम युरोपच्या बाजूला बसवलं. चार दिवस मी तिकडच्या आईच्या बाजूने भांडले, जी लेकराला न सोलता द्राक्ष देते. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. समोरचा का अडून बसलाय हे कळल्याशिवाय आपली मागणीसुद्धा नीट मांडता येत नाही. आणि टिपण लिहायला शिकले: दोन पानं, पहिल्याच वाक्यात काय करायला हवं ते. माझं पहिलं टिपण "निर्णय कुठे आहे?" एवढ्याच शेऱ्यासह परत आलं होतं.

हे कौशल्य जिनिव्हा-दिल्लीतच का राहावं? राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांत किडीचा, मातीचा, पाण्याचा जाणकार सापडतो. बाजारपेठेतल्या देशाचा मसुदा त्या ६० दिवसांत वाचून शेतकऱ्याला मराठीत सांगणारा माणूसही तिथे हवा. खरड छाटणी एप्रिलमध्ये, माल निघतो पुढच्या जानेवारीपासून. म्हणजे माहिती छाटणीआधी हातात पडली तरच तिचा उपयोग.

गेली तीन वर्षं मी असं दोन पानी टिपण आमच्या शिवारातल्या बागायतदारांसाठी करते. वडील ते फवारणीच्या वहीत पहिल्या पानाला टाचून ठेवतात. नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षपट्ट्यासाठी हे काम एखादं विद्यापीठ किंवा बागायतदारांचा संघ हाती घेणार असेल, तर त्यांच्या हाताखाली काम करायला मी तयार आहे.

आपली,
एक वाचक, निफाड तालुका, जि. नाशिक